प्रौढ वयातील मधुमेह : कारणे, उपचार आणि आपले कर्तव्य

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अखेरच्या आठ-नऊ वर्षांचे स्मरण आपण त्यांच्या कार्याच्या अनुषंगाने करतो. संविधानाचा मसुदा, हिंदू कोड बिल, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूर येथील धम्मदीक्षा आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ही त्या वर्षांची अक्षय देणगी होय. परंतु हे डोंगराएवढे कार्य त्यांनी कशा प्रकृतीनिशी पार पाडले, याचा विचार क्वचितच केला जातो. १९४८ च्या सुमारास मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांतील वेदनांमुळे रात्रीची झोप हिरावली जाई, दृष्टी मंदावत चालली होती आणि १९५४ साली तर त्यांना कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. पथ्य, औषध आणि इन्सुलिन यांची काळजी त्या वाहत असत. तरीही ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या काळी या रोगावर उपाय थोडे होते. इन्सुलिनची पहिली सुई कॅनडातील टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये एका मुलाला दिली गेली होती. पण आज जगभर या रोगावर सर्वप्रथम दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी फ्रान्समध्ये रुग्णांसाठी वापरात आली ती १९५७ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतरच्या वर्षी. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र तर त्यानंतरही कित्येक वर्षे आले नव्हते. आज तीच गोळी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते आणि बोटाच्या एका थेंबावरून साखर कळते. बाबासाहेबांना जे मिळू शकले नाही ते आपल्या हाताशी असताना आपण त्याचा उपयोग करीत नसू, तर तो आपलाच दोष ठरेल. म्हणून या रोगाची कारणे व उपचार साध्या भाषेत समजून घेणे अगत्याचे आहे.

तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग अशा चार पायऱ्यांनी विचार मांडला. चांगला वैद्यही याच क्रमाने जातो. प्रस्तुत लेखातही तोच क्रम ठेवला आहे.

रोगाचे स्वरूप

आपण खाल्लेली भाकरी, भात किंवा पोळी पोटात पचून तिची ग्लुकोज नावाची साखर बनते आणि ती रक्तात उतरते. हे शरीराचे इंधन होय. मात्र रक्तातील हे इंधन स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड हे इन्सुलिन तयार करते. पेशीचे दार उघडणारी ती किल्ली आहे, असे म्हटले तरी चालेल.

लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशीच नष्ट होतात. त्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून इन्सुलिन घ्यावेच लागते. प्रौढ वयात होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात किल्ली असते. पण कुलूप गंजलेले असते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतून ही उणीव वर्षानुवर्षे भरून काढते आणि शेवटी थकते. निदान होते तेव्हा स्वादुपिंडाची सुमारे निम्मी शक्ती खर्ची पडलेली असते. यकृताकडूनही चूक घडते. रात्री उपाशीपोटी ते गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहते. म्हणूनच रात्री काही न खाताही सकाळची साखर वाढलेली दिसते.

या रोगाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याचे मौन. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागणे, वारंवार लघवी होणे, तहान लागणे, वजन घटणे ही लक्षणे त्यानंतरची. तोपर्यंत कित्येक वर्षे निघून गेलेली असतात आणि दृष्टिपटल, मूत्रपिंड, पायांचे मज्जातंतू व हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची हानी सुरू झालेली असते. ‘मला काहीच त्रास नाही’ हे वाक्य या रोगात निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

हा खरोखर श्रीमंतांचा रोग आहे काय?

आपल्याकडे असा दृढ समज आहे की, मधुमेह हा गोडधोड खाणाऱ्या, सुखवस्तू, लठ्ठ माणसांचा रोग. ‘आपण कष्टकऱ्यांची लेकरे, आपल्याला कुठली साखर?’ असे म्हणून पुष्कळजण तपासणी टाळतात. हा समज किती चुकीचा आहे, हे पुण्यातील संशोधनाने दाखवून दिले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. या शेतकरी कुटुंबांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. पण आपली बाळे वजनाने एवढी कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. दिसायला बारीक, पण आतून चरबीयुक्त अशी ही शरीराची ठेवण जन्मतःच असते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर समान भरणारी दोन माणसे आतून किती भिन्न असू शकतात, हे त्यावरून कळते.

याचा अर्थ काय? मातेच्या पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाढीला कात्री लावतो. हे शरीर टंचाईसाठी घडलेले असते. पुढे त्याच शरीराला भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले की ते त्याला पेलत नाही. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे मोठा उपासमार-काळ आला. त्या वेळी आईच्या पोटात असलेली माणसे वयाच्या पन्नाशीला आली तेव्हा साखर पचविण्याची त्यांची क्षमता इतरांहून कमी झालेली आढळली.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. १९७२ च्या दुष्काळात नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस निघत होते. त्या कामांवर गरोदर स्त्रियाही होत्या. त्यांच्या पोटी त्या वर्षी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. दुष्काळ सर्वांवर आला. पण ज्या घरांत जमीन नव्हती, ज्यांना गावकीच्या बदल्यात मिळालेल्या शिळ्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या काढाव्या लागल्या, त्यांच्या घरी दुष्काळ नसतानाही दुष्काळच होता. त्या घरांतील मुले बाबासाहेबांच्या प्रेरणेने शिकली, शिक्षक झाली, बँकेत, एस. टी. महामंडळात, कचेरीत लागली. आईबापांनी ऊस तोडला, मुले खुर्चीवर बसली. ही आपल्या समाजाच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु उपासमारीचे शरीर आणि खुर्चीचे जीवन यांची गाठ पडली की मधुमेहाला वाट मोकळी होते. विषमतेने केलेली जखम अशी एका पिढीनंतर, सुबत्तेच्या दिवसांतही उघडी पडते.

याखेरीज इतर कारणेही आहेत. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर धोका वाढतो. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर जाणे, व्यायामाचा अभाव, अपुरी झोप, सततचा मानसिक ताण व तंबाखू यांमुळेही तो वाढतो. गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ती उतरली तरी त्या स्त्रीने दरवर्षी तपासणी केलीच पाहिजे.

निदान कसे करावे?

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती ठीक समजावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा; १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी साखर २०० किंवा अधिक असणे, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक येणे हेही मधुमेहाचेच निदान. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा एकदा करून खात्री करावी.

निरोध शक्य आहे काय?

उंबरठ्यावर असलेल्यांच्या बाबतीत उत्तर आशादायक आहे. चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात केवळ आहार व चालण्याच्या नियमाने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. ज्यांना नुकताच मधुमेह झाला आहे आणि ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली वजन पुरेसे घटविल्यास औषधाविना साखर ताब्यात राहू शकते, हे ब्रिटनमधील अभ्यासात दिसून आले. तेथे एका वर्षानंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना हे साधले. मात्र वजन पुन्हा वाढले की रोगही परततो.

इतरांच्या बाबतीत मधुमेह मुळासकट जात नाही. तो ताब्यात ठेवता येतो. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांचा वीस वर्षे चाललेला अभ्यास १९९८ साली पूर्णत्वास गेला. साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी, तर रक्तदाब ताब्यात ठेवल्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे रोग असूनही दृष्टी, मूत्रपिंड व पाय शाबूत राखता येतात.

मार्ग

पहिला उपाय आहाराचा. कोसलाचा राजा प्रसेनजित अतिभोजनाने जड होऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले आणि हळूहळू आपले अन्न बेताचे केले. आहाराचे शास्त्र यापेक्षा फार वेगळे नाही. नियम सौम्य असावा, रोज पाळता यावा आणि त्याची आठवण करून देणारे कोणीतरी घरात असावे.

ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा असावा. मेथी, शेपू, अंबाडी, चवळी, काकडी, मुळा अशा भाज्या त्यात याव्यात. पाव भाग वरण, उसळ, सोयाबीन, अंडी, मासे यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरी वा भाताचा असावा. लातूरची बाजारपेठ तूर आणि सोयाबीनसाठी प्रसिद्ध. पण पिकविणाऱ्याच्याच ताटात वरण पातळ असते, हे बदलले पाहिजे. ज्वारीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचते म्हणून ती चांगली. पण ती औषध नव्हे. तीन-चार भाकरींनी साखर वाढणारच. गुळाचेही तसेच. गूळ ही साखरच आहे. आणि आपल्या चहाचा हिशेब करून पाहावा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. सुमारे ५० ग्रॅम रोज आणि महिन्याला दीड किलो! ही साखर कोणी ‘गोड खाल्ले’ असे मोजत नाही.

दुसरा उपाय श्रमाचा. सुश्रुतसंहितेतही मधुमेहासाठी पायी दूर चालणे आणि विहीर खणण्यासारखे श्रम सांगितले आहेत. आठवड्यातील पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालावे. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे फिरल्यासही साखर उतरते. आपल्या शरीरात स्नायू मुळात कमी असल्याने नुसते चालणे पुरेसे नाही. उठाबशा, वजन उचलणे असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. साखर मुख्यतः स्नायूंतच साठते, म्हणून स्नायू वाढले की साखरेला घर मिळते.

तिसरा उपाय औषधाचा. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आटोक्यात आणते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन काढून घेतात. डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि हृदय व मूत्रपिंड यांचेही रक्षण करते. तिच्या स्वस्त गोळ्याही आता मिळू लागल्या आहेत. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते व पायांना मुंग्या येतात. तेव्हा त्याची तपासणी करावी. गोळ्यांनी भागत नसेल तर इन्सुलिन घेण्यास कचरू नये. इन्सुलिनची ‘सवय लागते’ हा गैरसमज आहे. जे शरीरात कमी पडले तेच बाहेरून दिले जाते. साखर नीट आली म्हणून औषध बंद करणे ही सर्वांत मोठी चूक, कारण ती औषधामुळेच नीट आलेली असते.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण किंवा ‘मुळासकट’ बरे करणारी पुडी यांविषयी काय म्हणावे? कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरा आहे वा कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. येथे पारख सोपी आहे. साखर मोजावी. मात्र पारख करताना चालू औषध सोडू नये.

चौथा उपाय दक्षतेचा. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनाची आणि रक्तातील क्रिएटिनिन व कोलेस्टेरॉलची तपासणी करावी. रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. बधिर पायाला काटा रुतलेला वा चटका बसलेला कळत नाही; म्हणून शेतात, तापलेल्या रस्त्यावर वा विहाराच्या अंगणातही अनवाणी चालू नये. तंबाखू, गुटखा, बिडी, मिसरी पूर्ण वर्ज्य करावी. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पट असतो, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासावी. गुंतागुंत वाढल्यास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आपल्यासाठीच आहेत.

उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांना येथे एक विनंती. अष्टशील घेतल्यावर मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने त्या दिवशी नेहमीची मात्रा घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडातून काही न घालता तात्काळ दवाखान्यात न्यावे. उपोसथापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवावी. शरीराला इजा करून शील पाळावे, असे मध्यम मार्ग सांगत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानातही मधुमेही व्यक्तीला आग्रह न करणे हीच खरी मैत्री होय.

आपले कर्तव्य

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांनी आपल्या जन्मकाळाची आठवण ठेवून तपासणी करून घ्यावी आणि गावी असलेल्या आई-वडिलांची करवावी. १४ एप्रिलला व वर्षावासात विहारात जमणाऱ्या बंधुभगिनींसाठी साखर व रक्तदाब तपासणीची सोय करता येईल. त्यासाठी लागणारे यंत्र व दोन प्रशिक्षित माणसे हा मोठा खर्च नव्हे.

आणि शेवटची गोष्ट आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींची. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे आढळले की, ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होती. म्हणजे उद्याच्या मधुमेहाचा पाया आजच्या ताटावर रचला जातो. भोजनगृहात दूध, अंडी, उसळ व पालेभाजी नियमाने मिळणे, मुलींचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासणे, मैदानावरचा तास कधीही अभ्यासासाठी कापला न जाणे, हा या रोगावरील सर्वांत दूरगामी उपचार आहे. त्यात मुलींच्या स्वतःच्या आरोग्याचे हित आहेच. शिवाय ज्या पिढीचा अजून जन्मही झालेला नाही, तिला उपासमारीचा तो जुना वारसा मिळणार नाही.

बाबासाहेबांनी आजारी देहाने आपल्यासाठी रात्री जागवल्या. त्यांच्या कार्याला लागणारे निरोगी हात व डोळस दृष्टी सांभाळणे, हे त्या ऋणाची परतफेड करण्याचेच एक काम आहे.

सर्व प्राणिमात्र निरोगी होवोत. जय भीम! नमो बुद्धाय!